परसातलं कागदी तळं: उन्हाळा, पावसाळा आणि थंडीत वापरल्यानंतर

आधी माप सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळेल. जागा पुण्यातली, बंगल्यामागचं परस. वरचा थर काळ्या मातीचा, दीड फुटाखाली मुरूम. तळं 8 × 5 फूट, मधली खोली 2 फूट, एका लांब बाजूला 9 इंच खोलीवर फूटभर रुंदीची पायरी. पाणी साधारण 1,700 लिटर. एका टोकाला दगड रचून पाण्यापासून 2 फूट उंचीचा छोटा धबधबा. आत शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा एचडीपीई कागद (म्हणजे जाड प्लॅस्टिकचा ताव). उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी भरलं, त्यानंतर पावसाळा आणि थंडी दोन्ही पाहून झाले.

हे करताना चार पर्याय समोर होते. दुकानात मिळणारा रांजणाचा किंवा दगडी कारंजा, तयार एफआरपीची (फायबरग्लासची) टाकी, कागदाचं तळं आणि सिमेंटचा हौद. बहुतेक जण किंमत बघून ठरवतात. खरं तर पहिला प्रश्न पाण्याचा आहे: एप्रिल-मे महिन्यांत रोज दोन बादल्या पाणी या कामासाठी सुटतं का? सुटत नसेल, टँकरवर घर चालत असेल, तर तळ्याच्या भानगडीत पडू नका. खाली झाकलेली टाकी आणि वर फक्त वाहता रांजण, एवढं पुरे. त्यात उघडं पाणी कमी, म्हणून वाफही कमी. घरात चार-पाच वर्षांखालचं मूल असेल तरीही हाच पर्याय घ्या. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. तळंच हवं असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर वेल्डेड जाळी पक्की बसवा.

सिमेंटचा हौद टिकाऊ, पण काळ्या मातीत तो तडकतो. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पातळ भिंतीला दोन्हीकडून ताण देते. मुरूम लागेपर्यंत पाया नेऊन सळई घालायची तयारी असेल तरच हौद बांधावा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे जगत नाहीत. आठवडाभर पाणी भरून ठेवायचं, ओतून द्यायचं, असं दोन-तीनदा केल्याशिवाय मासे सोडू नयेत. हौदाला एकच परिस्थिती खरोखर भाग पाडते, ती म्हणजे घुशी. आवारात घुशींची बिळं असतील तर कागद कितीही जाड घ्या, त्या कुरतडतात.

गच्चीवर करायचा विचार असेल तर एकच हिशेब करा. 2 फूट खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 600 किलो. घराच्या स्लॅबचं वापराचं वजन साधारण 200 किलोच्या आसपास धरलेलं असतं. त्यामुळे गच्चीवर तळं नकोच.

खर्च

खोदाई, मुरमाची चोपाई आणि वाळू यांना 4,500 रुपये. कागद आणि त्याखालचं जिओटेक्स्टाइल (खडे टोचू नयेत म्हणून अंथरायचं जाड कापड) 3,500. दगड, काठाची फरशी आणि गवंडी 11,000. पंप, पाइप आणि फिल्टर 5,500. वीज, म्हणजे केबल, तिचा पाइप, आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी, 5,000. झाडं, कुंड्या, मासे 2,500. एकूण 32,000.

यातला कागद आणि पंप एवढाच खर्च माणूस आधी धरतो, आणि तो एक तृतीयांशही नाही. खरा पैसा काठावर जातो. दगड स्वस्त असतो, पण टेंपोचं भाडं आणि गवंड्याची हजेरी महाग. मुरमाऐवजी सलग खडक लागला तर ब्रेकरचं भाडं वेगळं, म्हणून सगळं सामान आणण्याआधी जागेवर पहार मारून 2 फुटांपर्यंत काय लागतं ते बघा.

कागद किती लागेल याचा हिशेब असा: लांबी + खोलीची दुप्पट + दोन्ही काठांना फूट-फूट. म्हणजे 8 + 4 + 2 = 14 फूट आणि 5 + 4 + 2 = 11 फूट. एकूण 154 चौरस फूट, साधारण सव्वाचौदा चौरस मीटर. दुकानदार तळ्याच्या मापाचाच तुकडा कापून देऊ पाहतो. जोड नसलेला एकसंध तुकडा मागा. ईपीडीएम रबर जास्त लवचीक आणि कोपऱ्यांत सुबक बसतं, पण कित्येक पट महाग. साध्या चौकोनी तळ्याला त्याची गरज नाही, वळणदार आकार हवा असेल तर मात्र तेच घ्या. एचडीपीई कडक असतो आणि वळणावर त्याच्या जाड घड्या पडतात. कागद उन्हात तासभर पसरून ठेवला की मऊ पडतो, मग खड्ड्यात उतरवावा.

काठाची पातळी

सगळ्या कामात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. पाणी आपली पातळी लपवत नाही. 8 फुटांत काठ इंचभर जरी तिरका असला, तरी एका बाजूला कागदाची काळी पट्टी कायम उघडी दिसते आणि उन्हाने तिथेच कागद आधी खराब होतो. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, तिने चारही कोपरे आणि मधले बिंदू जुळवून घ्या. नुसत्या स्पिरिट लेव्हलवर भागवू देऊ नका.

काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 4 इंच उंच ठेवा. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बागेतली माती आणि खत वाहून तळ्यात येतं, आणि आठवड्यात पाणी हिरवं होतं. जादा पाणी जायला 2 इंची पाइप, त्याच्या तोंडाला जाळी. जाळी नसेल तर मासे बाहेर जातात आणि पालापाचोळा पाइपात अडकतो.

पावसाळ्यात कागदाखाली पाणी साचलं की कागद वर फुगतो, तळाला मोठा फोड आल्यासारखा. आमच्याकडे तळाशी 3 इंच मुरूम आणि त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उताराकडे काढला आहे. सलग झडीतही कागद हलला नाही. काळ्या मातीत हा पाइप टाळू नये. खड्डा बुजल्यावर तो घालता येत नाही.

पंप

खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. "ताशी 3,000 लिटर, उंची 3 मीटर" याचा अर्थ 3 मीटरवर 3,000 लिटर नव्हे. 3 मीटरवर प्रवाह थांबतो. उंची मोजायची ती पंपापासून नाही, तळ्याच्या पाण्याच्या पातळीपासून धबधब्याच्या ओठापर्यंत, म्हणजे जिथून पाणी खाली पडतं त्या कडेपर्यंत. त्यात पाइप आणि बेंडमधली घट मिळवून आमची उंची साधारण 1 मीटर होते, आणि तिथे हा पंप ताशी 1,800 लिटरच्या आसपास देतो.

ओठावरून अखंड पडदा पडायला दर सेंटिमीटर रुंदीला ताशी सुमारे 150 लिटर लागतात. म्हणून ओठ 12 सेंटिमीटरचा ठेवला. फूटभर रुंद ओठ केला असता तर याच पंपावर नुसते थेंब ओघळले असते. हौस म्हणून ओठ रुंद करणाऱ्याने पंपाचा आणि विजेचा खर्च आधी बघावा.

ओठाला कडप्पा वापरा. तो दगडापासून दीड इंच पुढे काढा आणि खालच्या बाजूला, कडेपासून अर्ध्या इंचावर, ग्राइंडरने एक आडवी खाच मारून घ्या. ही खाच नसेल तर पाणी फरशीच्या पोटाला चिकटून मागे जातं, दगडांमागे झिरपतं आणि तळं गळतंय असं वाटू लागतं.

पंपाच्या तोंडापेक्षा बारीक पाइप लावू नका. पाऊण इंची तोंडाला आम्ही 1 इंची पाइप रिड्यूसरने जोडला. अर्धा इंची लावला असता तर निम्मं पाणी घर्षणातच संपलं असतं. पंप थेट तळावर ठेवायचा नाही. विटेवर, प्लॅस्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये, भोवती नायलॉनची मच्छरदाणी. गुलमोहराची बारीक पानं ही पंपाची खरी वैरी. मोठी पानं वर तरंगतात, ही थेट जाळीला जाऊन चिकटतात. प्रवाह कमी झाला की दहापैकी नऊ वेळा जाळीच तुंबलेली असते, पंप बिघडलेला नसतो.

वीज: 50 वॉटचा पंप 24 तास चालला तर रोज 1.2 युनिट, महिन्याला 36. हे युनिट बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात हे विसरू नका. तुमच्या वरच्या स्लॅबचा दर सगळे आकार धरून 12 रुपये असेल तर महिन्याला 432 रुपये. 24 व्होल्टचा डीसी पंप जवळपास निम्म्या विजेत तेवढंच काम करतो. तो सुरुवातीला महाग पडतो, पण पंप रोज बारा तासांहून जास्त चालणार असेल तर तोच घ्यावा.

बिल वाचवायला लोक पंप रात्री बंद ठेवतात. मासे असतील तर हे उलटं आहे. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतात, रात्री तेच ओढून घेतात, आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. टायमर लावायचा तर दुपारचे तास कापा, रात्रीचे नको.

पाणी आणि वीज एकत्र आहेत म्हणून इथे काटकसर नको. या लाइनला वेगळा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, चांगलं अर्थिंग, केबलचा जोड पाण्यापासून दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच पेटीत. पाण्यात हात घालण्याआधी पंप बंद. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

पाणी, शेवाळ, डास

एप्रिल-मे महिन्यांत वाफ आणि धबधब्याचे शिंतोडे मिळून रोज 35 ते 40 लिटर भर घालावी लागते. याहून जास्त जात असेल तर गळती शोधायची पद्धत सोपी आहे. काठावर पेन्सिलीने खूण करा आणि पंप 24 तास बंद ठेवा. उन्हाळ्यात पातळी 6-8 मिलिमीटर उतरली तर ती वाफ. पंप बंद असताना पातळी टिकते आणि चालू केल्यावर उतरते, तर कागद शाबूत आहे, गळती धबधब्याच्या दगडांत आहे. आधी हे करा, मग तळं उपसायचा विचार करा.

बोअरचं पाणी जड असेल तर दगडावर ओल्या-कोरड्या रेषेवर पांढरी पुटं चढतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत राहिलं की पाणी आणखी जड होतं. महिन्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी काढून झाडांना घालावं. नळाचं पाणी रोज थोडं घातलं तर मासे सहन करतात, एकदम मोठा हिस्सा बदलताना मात्र ते दिवसभर उघडं ठेवून क्लोरिन उडू द्यावं.

पहिले काही आठवडे पाणी हिरवं होतंच, त्याला घाबरून औषधं ओतू नका. निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी निवळतं. आमच्याकडे कुमुदिनीच्या दोन कुंड्यांनी पावसाळा लागेपर्यंत हे काम केलं. कुमुदिनीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. कुंडीत चिकट माती भरा. कोकोपीट तरंगतं आणि शेणखत पाण्यात उतरून शेवाळ वाढवतं. मातीवर इंचभर बारीक खडी पसरा. पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी उत्तम. पाणकणीस टाळा, त्याचे टोकदार कोंब कागद भेदतात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दोन आठवड्यांत तळं झाकते, आणि उपटून नाल्यात टाकली की नदीपर्यंत पोचते.

डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. वाहतं पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पायरीच्या कोपऱ्यात आणि दगडांच्या खळग्यांत पाणी स्थिरच असतं. गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी हिवताप विभाग ते मोफत देतो. दहा-पंधरा सोडले तरी पुरतात, पुढे त्यांचे ते वाढतात. आमच्या पाण्यात अळी दिसली ती फक्त एका दगडाच्या वाटीसारख्या खळग्यात, जिथे मासा पोचत नव्हता. तो खळगा सिमेंटने भरला. कोई मात्र या मापात नको, त्यांना किमान 4 फूट खोली आणि याच्या कितीतरी पट पाणी लागतं.

पाऊस सुरू झाला की बेडूक येतात, त्यांच्यामागे कधी दिवड येते. ती बिनविषारी आहे, तिला मारू नका. धबधब्याच्या मधल्या टप्प्यावर बोटभर उथळ पाणी ठेवलं तर बुलबुल अंघोळीला येतात. खंड्या मात्र मासे उचलतो. पानांचा आडोसा असेल तर नुकसान थोडं.

देखभालीचा बोजा

आठवड्याला अर्धा तास: जाळी धुणं, पिवळी पानं कापणं, पाचोळा गाळणीने काढणं. फिल्टर म्हणजे 20 लिटरची झाकणाची बादली, तळाशी विटांचे तुकडे, वर स्पंज. स्पंज धुवायचा तो तळ्यातून काढलेल्याच पाण्यात. नळाच्या क्लोरिनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाणी पुन्हा गढूळ होतं. वर्षातून एकदा, थंडी संपताना, तळाचा गाळ निम्मा काढावा, सगळा नाही.

पंप घेतानाच त्याचा इंपेलर (आतलं फिरतं पातं) आणि शाफ्ट वेगळा मिळतो का ते दुकानात विचारा, आणि मिळत असेल तर एक जोड लगेच घेऊन ठेवा. जड पाण्यात आधी जातो तो शाफ्टच, आणि ऐन मे महिन्यात सुटा भाग शोधत बसण्यापेक्षा लोक पूर्ण पंप बदलतात. दर दोन-तीन महिन्यांनी इंपेलर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून बसवला की तो बराच टिकतो.