दोन कुलुपांची दानपेटी: पत्रा पक्का, कडी कच्ची

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळणारी, गणपती मंडळं नेतात ती स्टीलची दोन कुलुपांची पेटी. पत्रा १६ गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, १८ गेज ‘भारी’ म्हणून गळ्यात मारू देऊ नका.) बिजागऱ्या आतून आहेत, इथवर झकास.

फट ८० मिलिमीटर लांब. पाचशेची नोट ६६ मिलिमीटर रुंद, तेव्हा सरळ टाकली तर आरामात जाते. पण लोक नोटेची चौघडी करून कोंबतात, ती तोंडाशीच अडकते, आणि चिकटपट्टी लावलेल्या काडीने ती उपसणं पोरखेळ. त्यासाठी फटीखाली तिरका पत्रा असतो. इथे तो आहे, पण आखूड. दुकानातच फटीतून फूटपट्टी सोडा. सरळ तळाला टेकली तर तो पत्रा नुसता शोभेचा.

खरी रड कडी-कोयंड्याची. बाहेरून स्क्रूने बसवलाय, त्यामुळे कुलपाला हातही न लावता पेटी उघडते. स्क्रू काढून घुमट डोक्याचे बोल्ट टाका, नट आतल्या बाजूला. सोबतची कुलुपंही बदला: स्वस्तातल्या कुलपांना बऱ्याचदा एकमेकांच्या चाव्या लागतात. दुकानातच अदलाबदल करून बघा.

दोन कुलुपं म्हणजे एक चावी खजिनदाराकडे, दुसरी चिटणिसाकडे. होतं काय, ‘तूच ठेव रे, मला यायला उशीर होतो,’ म्हणत तिसऱ्या दिवशी दोन्ही एकाच जुडग्यात. म्हणून नंबरवालं प्लास्टिक सील लावा, नंबर वहीत लिहा, दुसऱ्या रात्री तोडण्याआधी ताडून बघा. मोजणी रोज रात्री मंडपातच, उजेडात, चादर अंथरून: दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने ५००, २००, १०० असं नोटवार लिहायचं, तिघांच्या सह्या. फुलवाल्याचे पैसे पेटीतून परस्पर देऊ नका, हिशेब तिथूनच फाटतो. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली परवानगी घेतली असेल, तर हिशेब देताना हेच कागद लागतील.

पेटी मंडपाच्या प्लायवुडला ठोकू नका, फळीसकट उचलून नेतील. तळाला भोकं आहेत, त्यातून साखळी ओवून लोखंडी खांबाला बांधा.