५० मिमी कार्बन चाकांवर आठ महिने: वजन, ताण आणि वारा

ऑक्टोबरात सायकलीला ही ५० मिमी उंच रिमची चाकं बसवली तेव्हा डोक्यात एकच आकडा होता, १,४८० ग्रॅम. सायकलीबरोबर आलेली अ‍ॅल्युमिनियमची जोडी काट्यावर १,९०० भरली होती. एवढं वजन उतरलं म्हणजे सिंहगड सोपा जाणार, असं मी धरूनच चालले होते.

तसं झालं नाही. मी ५८ किलोची. सायकल, बाटल्या, कपडे धरून सगळं ७० किलोच्या घरात. त्यातले ४२० ग्रॅम म्हणजे शेकडा ०.६. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत मला ५५ मिनिटं लागतात, त्यात वाचतात २० सेकंद. चाकाचं वजन दुप्पट मोजायचं असतं असं सगळे सांगतात, पण ते फक्त वेग घेताना, आणि तेही रिमच्या कडेपाशी असलेल्या वजनापुरतं. एका लयीत घाट चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. सिग्नल सुटल्यावर सायकल चटकन उठते, हे मात्र पहिल्याच दिवशी कळलं. त्यातलं बरंच श्रेय ट्यूबचं आहे. साध्या ब्यूटिल रबराच्या ट्यूब काढून टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, टाकल्या, तर दोन्ही मिळून दीडशे ग्रॅम गेले. नवी चाकं घ्यायच्या आधी एवढं तरी करून बघाच.

उंच रिमचा खरा फायदा सपाटीवर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे घाटात दहाच्या वेगाला जे कळतही नाही ते तिशीत स्पष्ट जाणवतं. पहाटे लोणावळ्याकडे जाताना मोकळा रस्ता मिळाला की ३० चा वेग टिकवणं आता सोपं जातं. पण टायर जुळवून घ्यावा लागतो. रिम बाहेरून ३० मिमी रुंद आहे आणि मी जुनाच टायर चढवला होता, तो फुगून ३१ भरत होता. टायर रिमपेक्षा फुगीर झाला की हवा रिमला धरून वाहत नाही, मग उंच रिमचे पैसे वाया. २८ चा टायर घातला, तो प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस भरतो. रिम टायरच्या निदान १०५ टक्के रुंद असावी, हा जुना ठोकताळा इथे बरोबर बसला.

आता ताठपणा. ७०० किलोमीटर झाले आणि चढावर उभं राहून पायडल मारताना मागून टिक्‌टिक्‌ येऊ लागली. घरी सायकल उलटी केली आणि एकेक स्पोक बोटाने छेडून पाहिला. उजवीकडचे खणखणीत वाजत होते, डावीकडचे काही नुसते थड्‌ करत होते. कॅसेटमुळे, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांमुळे, मागच्या चाकात उजव्या बाजूला जास्त ताण असतोच, पण डावे मुळातच ढिले बांधले असतील तर जोर पडला की ते आणखी सैल होतात आणि निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचे नट, हळूहळू फिरत जातात. आमच्या मेकॅनिक काकांनी चाक स्टँडवर घेतलं, ताण मीटरने मोजत दीड तास बसून सगळे स्पोक आवळले आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. त्यानंतर गेले ३,५०० किलोमीटर आवाज नाही, आणि उतारावर वळणात सायकल जिथे वळवावी तिथेच जाते. हजारो रुपये घेऊन विकलेलं चाक असं अर्धवट बांधलेलं यावं याचा मला अजून राग आहे. रिम कितीही ताठ असो, स्पोकचा ताण सारखा नसेल तर चाक ताठ नाही. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ताण तपासून घ्या.

वाऱ्याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. मे महिन्यात खडकवासल्याच्या पाण्याकडून आडवा झोत आला आणि हँडल हातातच वळलं, सायकल हातभर रस्त्याच्या मधे सरकली. हायवेवर ट्रेलर ओलांडून जातो तेव्हा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या चालकाला तो हिसका जास्त बसतो. दोष मुख्यतः पुढच्या चाकाचा, कारण वारा तिथे थेट हँडल फिरवतो. मैत्रिणीचं ३५ चं पुढचं चाक दहा दिवस लावून पाहिलं. त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात खांदे सैल सोडून चालवता आलं, आणि सपाटीवरच्या वेगात मला फरक जाणवला नाही.

सत्तरच्या वर वजन असेल तर दोन्ही ५० चालतील. साठच्या आत असाल तर पुढे ३५ च घ्या, आणि वजनाचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

पावसाळ्यापुरती जुनी जोडी परत चढवली आहे, खड्डे पाण्याखाली असताना कार्बनची रिम घालायची नाही. गणपतीनंतर मागचं ५० चं पुन्हा लावेन. पुढच्यासाठी ३५ चं शोधते आहे.