घरच्या घरी लोखंडकाम: 200 अँपिअरचं वेल्डिंग मशीन वसूल झालं, प्लाझ्मा कटरचं मात्र मीच गणित चुकवलं

आमच्या गेटचं काम घेतलेल्या फॅब्रिकेशनवाल्यानं तीन आठवडे "उद्या येतोय मालक" एवढंच ऐकवलं तेव्हा डोकं फिरलं आणि सरळ कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन उचलून आणलं. 200 अँपिअर, सिंगल फेज, पाचेक किलो वजन, खांद्याला पट्टा, 8,200 रुपये. त्याला आता वर्ष व्हायला आलं, आणि मे महिन्यात जोश आला म्हणून 40 अँपिअरचा प्लाझ्मा कटर (वीज आणि दाबाच्या हवेच्या तापलेल्या झोतानं धातू कापणारं मशीन) पण घेतला. दोन्हीबद्दल लिहितोय, कंपनीचं नाव टाकत नाही, कारण दुकानात तसलीच दहा मशिनं दहा रंगांत ठेवलेली असतात.

आधी वेल्डिंग मशीन. डब्यावर 200 लिहिलंय म्हणून घरात 200 मिळणार असं काही नसतं. 200 अँपिअरला आर्कचं (म्हणजे रॉड आणि लोखंडामध्ये पेटणाऱ्या विजेच्या जाळाचं) व्होल्टेज धरायचं साधारण 28, म्हणजे 5.6 किलोवॅट नुसतं रॉडच्या टोकाला, त्यात मशीनचा लॉस आणि पॉवर फॅक्टर धरला की मेन लाइनवर तिसाच्या वर अँपिअर ओढणार. आपला जाडा प्लग 16 चा. मी पहिल्याच दिवशी हौसेनं नॉब 150 वर फिरवला, पंख्याचा आवाज बदलला, मिक्सर गचके खायला लागला आणि आतनं आई ओरडली "काय पेटवलंस रे?", तोवर एमसीबी पडला होता. मग वायरमनला बोलवून मीटरपासून 6 स्क्वेअर एमएमच्या वायरची वेगळी लाइन, 32 चा एमसीबी आणि धड अर्थिंग करून घेतलं. हा खर्च दुकानदार सांगत नाही, तो मशीनच्या किमतीतच धरून चाला.

पण खरं सांगायचं तर घरच्या कामाला 100 च्या वर जावंच लागत नाही. गेट, खिडकीची जाळी, कुंड्यांचं स्टँड, सगळं 16 किंवा 18 गेजच्या स्क्वेअर पाइपचं, त्याला 12 नंबरचा म्हणजे अडीच एमएमचा 6013 रॉड आणि 65 ते 75 अँपिअर बास झालं. 10 नंबरचा रॉड अँगलला आणि जाड पट्टीला, तेव्हा 100-110. संध्याकाळी गावात व्होल्टेज 190 ला येतं तेव्हा जुन्या पद्धतीचं, तेलानं गार होणारं ट्रान्सफॉर्मरचं मशीन नुसतं घुरघुरायचं, हे बारकं त्या मानानं आर्क धरून ठेवतं, रॉड चिकटायचं प्रमाण पण कमी. 18 गेजला (म्हणजे 1.2 एमएम) मला सुरुवातीला नुसती भोकं पडत होती, वेल्डिंग कमी आणि चाळणी जास्त. गल्लीतले वेल्डर मामा येऊन दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "होल्डर मायनसला लाव की, आणि एका दमात ओढू नकोस, टाकं मारत जा." रॉड धरायचा होल्डर प्लसचा काढून मायनसला लावला, पत्र्यात गरमी कमी जायला लागली, आणि भोकं निम्म्यावर आली. माहितीपुस्तिकेत यातलं एक अक्षर नव्हतं.

तक्रारी पण आहेत. सोबत आलेला अर्थिंगचा क्लॅम्प म्हणजे पत्र्याचा चिमटा, दहा रॉड मारले की हात लावू देत नाही, आणि तो सैल पडला की आपल्याला वाटतं मशीनच बिघडलं. मी पितळी क्लॅम्प आणि तांब्याची 25 स्क्वेअरची केबल वेगळी घेतली, सगळा फरक तिथं पडला. ड्युटी सायकल 60 टक्के लिहिलीय, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा आणि चार मिनिटं गार होऊ द्या, पण ते धरतात 40 डिग्रीला, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलमध्ये दुपारी किती असतं ते विचारू नका. मशीन तापून पिवळा दिवा लागला की गप चहा प्यायचा, मेन स्विच बंद करायचा नाही, पंखा फिरू द्यायचा.

हेल्मेटवर कंजुसी करू नका. हातात धरायच्या काळ्या काचेनं मी दोन दिवस काम केलं, टाका मारताना काच बाजूला राहायची, आणि रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, पाणी थांबेना, सकाळी डॉक्टरकडं. मग आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं 1,400 ला, ते आधीच घ्यायला हवं होतं. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपवर वेल्डिंग मारणार असाल तर आधी जोडाजवळचं जस्त घासून काढा आणि उघड्यावर बसा. नाहीतर त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. मामा म्हणतात गूळ खा. गुळानं जस्त काय थांबत नाही, पण कोल्हापुरात गूळ खायला कारण कशाला लागतंय.

आता प्लाझ्मा. 24,000 ला घेतला आणि घरी आणल्यावर कळलं की मी अर्धंच मशीन आणलंय. त्याला हवा लागते, साधारण 4-5 बारला मिनिटाला शंभर-दीडशे लिटर, न थांबता. म्हणून 2 एचपीचा 50 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर, 13,500. कॉम्प्रेसरवर जो लिटरचा आकडा छापतात तो पिस्टनचा, टॉर्चपर्यंत येणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश धरा. आणि दोन्ही एकाच लाइनवर लावले की कॉम्प्रेसर स्टार्ट होताना आर्क मान टाकतो.

तरी मे महिन्यात मजा आली, खोटं बोलणार नाही. 2 एमएमचा स्टेनलेसचा पत्रा चुलीच्या स्टँडसाठी कापायचा होता, जो गॅस कटरनं कापत नाही आणि ग्राइंडरनं कापायचा म्हटलं की डिस्क संपत जातात, तो या टॉर्चनं नव्या विळ्यानं ओली वैरण कापावी तसा कापला. कड थोडी घासली की काम झालं. 3 एमएमच्या एमएसला (साध्या लोखंडाला) 25-30 अँपिअर पुरतो. 10 एमएम पण कापतो म्हणतात आणि कापतो पण, फक्त हळू आणि खालून मळी लोंबते ती छिन्नीनं झाडावी लागते.

मग जुलै आला. आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस भिंती सुकत नाहीत, तिथं हवा कुठनं कोरडी मिळणार. टॉर्च फुरफुरायला लागला, ज्योत हिरवट दिसायला लागली, नोझल काढून बघितलं तर गोल भोकाचं लांबट झालेलं आणि आतल्या इलेक्ट्रोडच्या टोकाला खड्डा. चार नोझल एका रविवारी गेले. टाकीखालचा कॉक उघडला तर अर्धा कप चहाच्या रंगाचं पाणी निघालं. दुकानात विचारलं तर "वॉरंटीत नोझल येत नाहीत" एवढं उत्तर. आता पाणी पकडणारा फिल्टर लावलाय, दर वेळी टाकी रिकामी करतो, पण पावसाळ्यात टॉर्च बाहेर काढायचा नाही असंच ठरवलंय.

आणखी एक चूक माझी. दोन-अडीच हजार वाचवायला पायलट आर्क (पत्र्याला न टेकवताच टॉर्चमध्ये आधी पेटणारी छोटी ज्योत) नसलेलं मॉडेल घेतलं. याचा टॉर्च चकचकीत पत्र्यावर टेकवला की लगेच पेटतो, पण रंग किंवा गंज असला की पेटतच नाही, आणि जाळी कापताना दर तारेला विझतो. घरात येणारं लोखंड म्हणजे जुनं गेट, भंगारातला अँगल, सगळं गंजलेलंच. म्हणजे आधी ग्राइंडरनं घासा आणि मग प्लाझ्मानं कापा, मग ग्राइंडरनंच कापलं तर काय वाईट? हो, आणि वेल्डिंगच्या हेल्मेटच्या काचेचा काळेपणाचा नंबर 9 च्या खाली जात नसेल तर 30 अँपिअरच्या कटिंगला खालची रेघच दिसत नाही, 5 नंबरचा वेगळा गॉगल घ्यावा लागला.

त्यामुळं ज्याला नुसतं गेट-स्टँड-टेबल करायचंय त्यानं वेल्डिंग मशीन, 4 इंची ग्राइंडर, 1 एमएमच्या डिस्कचं पाकीट, एक चांगला गुणिया घ्यावा आणि पैसे उरले तर 14 इंची कट-ऑफ मशीन. स्टेनलेस पत्र्याचं काम सारखं असेल, कॉम्प्रेसर आधीच घरात असेल, तर प्लाझ्मा घ्या, पण पायलट आर्कचाच. नक्षीकाम हवं असेल तर मी आता ड्रॉइंग काढून शिरोली एमआयडीसीत लेझरवाल्याकडं देतो, कड आरशासारखी येते आणि माझे नोझल वाचतात.

वेल्डिंग मशीनला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चिमट्याचा कापला. प्लाझ्माला अडीच. कॉम्प्रेसरला पूर्ण पाच, कारण गल्लीतल्या सगळ्या मोटरसायकली सध्या आमच्याच दारात हवा भरायला येतात.