कानाचा थर्मामीटर की काखेतला?

कानाचा थर्मामीटर दोन-तीन सेकंदांत आकडा देतो, पण नेम चुकला की ताप कमीच दिसतो. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढा, वर्षाच्या आतल्या लेकराचा सरळ मागे. टोकाचा रोख पडद्याकडे हवा. कानात मळ किंवा टोकाची काच मळकी असली तरी आकडा घसरतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात आणखी एक अडचण: बहुतेक यंत्रं ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्याच हवेत चालतात. उन्हातून आल्यावर यंत्राला अर्धा तास आणि माणसाला वीस मिनिटं घरात गारव्याला थांबू द्या.

काखेतला डिजिटल स्वस्त. घाम पुसून, हात अंगाशी घट्ट दाबून बीप होईपर्यंत धरा. आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र कानाचा नकोच.