एक मोठं जंगल, अनेक तुकडे की भ्रमणमार्ग? ठरवण्याआधी थोडं

जंगल तुटतं तेव्हा क्षेत्रफळाचा आकडा फारसा हलत नाही. मधून रस्ता जातो, एखादा कालवा जातो, दोन-चार ठिकाणी शेतं होतात आणि कागदावर बहुतेक जंगल शाबूत दिसतं. आत राहणाऱ्या जिवांचं गणित मात्र पार बदललेलं असतं. ज्यांच्या हातात ठरावीक जमीन आणि ठरावीक पैसा आहे त्यांच्यापुढे अशा वेळी चार वाटा असतात: एक मोठा तुकडा राखणं, बरेच लहान तुकडे राखणं, तुकडे भ्रमणमार्गाने, म्हणजे प्राण्यांना ये-जा करता येईल अशा वाटेने जोडणं, नाहीतर प्राणीच उचलून इकडून तिकडे नेणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या प्रजातींना जंगलाचा गाभा, म्हणजे कडेपासून दूरचा आतला भाग, लागतो त्यांच्यासाठी मोठ्या तुकड्याला खरा पर्याय नाही. पण गाभा सगळ्यांनाच लागत नाही, आणि निवड अवघड होते ती त्यामुळेच.

मोठा तुकडा की अनेक लहान?

जंगलाच्या कडेला ऊन आणि वारा आत घुसतो, माती सुकते, मोठी झाडं उन्मळून पडतात. हा परिणाम १०० मीटर आतपर्यंत जातो असं धरू. १०० हेक्टरचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू १,००० मीटर, म्हणजे गाभा उरतो ६४ हेक्टर. तेवढीच जमीन १० हेक्टरच्या दहा चौकोनांत वाटली तर प्रत्येकात जेमतेम सव्वा-दीड हेक्टर गाभा राहतो, सगळे मिळून साडेतेराच्या आसपास. एक-एक हेक्टरचे शंभर तुकडे केले तर गाभा शून्य. जमीन तेवढीच आणि झाडंही कदाचित तेवढीच, पण गाभ्यात राहणाऱ्याला घरच उरत नाही.

ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ १९७९ पासून नेमकं हेच पाहिलं जातंय. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने तिथे १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम अभ्यासासाठी राखले गेले. सैनिक मुंग्यांच्या फौजेमागे फिरून, तिने उठवलेले किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकरच दिसेनासे झाले. मुंग्यांच्या एका वसाहतीलाच दहा हेक्टरहून कितीतरी जास्त फिरती लागते, आणि या पक्ष्यांना अशा अनेक वसाहती लागतात. सावलीतल्या कितीतरी पक्ष्यांना तर ८० मीटरची मोकळी पट्टीही ओलांडवेना. १०० हेक्टरच्या तुकड्यांनीसुद्धा झाडोऱ्याखालचे निम्मे पक्षी पंधरा वर्षांच्या आत गमावले. म्हणजे आपण ज्याला ‘मोठा’ म्हणतो तो त्यांच्या लेखी मोठा असेलच असं नाही.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे ही घट लगेच दिसत नाही. थायलंडमधल्या च्याओ लान धरणाच्या पाण्याने १९८० च्या दशकात टेकड्यांची बेटं केली. दहा हेक्टरखालच्या बेटांवरचे मूळचे लहान सस्तन प्राणी पाचेक वर्षांत जवळपास संपले, मोठ्या बेटांवरचे पंचवीस वर्षांत. तुकडा तोडल्यानंतर दोन वर्षांनी मोजणी करून कोणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं, तर त्यावर निर्णय घेऊ नका.

तरी लहान तुकडे मोडीत काढू नयेत. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाचं फुलपाखरू हजारो छोट्या कुरणांच्या जाळ्यावर जगतं. दरवर्षी काही कुरणांतून ते नाहीसं होतं, तर काहींत नव्याने येतं. एकेक कुरण कधीच सुरक्षित नसतं, पण जाळं टिकतं. एका छोट्याच जागी उगवणाऱ्या वनस्पतींसाठीही विखुरलेले तुकडेच कामाचे ठरतात, कारण एका मोठ्या जंगलात त्या सगळ्या जागा येत नाहीत. १९७५-७६ पासून शास्त्रज्ञांत यावर वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना खरी उदाहरणं आहेत. मला त्यातून कळतं ते एवढंच की प्रजातीचं नाव घेतल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

भ्रमणमार्ग की गाडीतून स्थलांतर?

कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावरून ६ पूल आणि खालून ३८ बोगदे आहेत, सोबत दोन्ही बाजूंना कुंपण. वन्यप्राण्यांचे अपघात तिथे ८० टक्क्यांहून जास्त घटले. ग्रिझली अस्वलं आणि लांडगे रुंद, मोकळे पूल पसंत करतात. प्यूमा (अमेरिका खंडातलं मोठं रानमांजर) आणि काळी अस्वलं अरुंद, आडोशाचे बोगदे. शिवाय सवय व्हायलाच काही वर्षं जातात. म्हणून एकाच मापाचे दहा बोगदे बांधण्यापेक्षा थोडेच, पण वेगवेगळ्या घडणीचे बांधा. आणि कुंपण गाळून पैसे वाचवू नका, ते नसेल तर प्राणी पुन्हा रस्त्यावरच येतात.

प्राणी उचलून नेणं हा उपाय वेगाने गुण देतो, हे मान्य करायलाच हवं. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात पँथर, म्हणजे तिथले प्यूमाच, वीस-तीसच उरले होते. शेपटीला गाठ, हृदयात दोष, नरांत वंध्यत्व, असे सगळे अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातच वीण होण्याचे परिणाम दिसू लागले होते. १९९५ मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली. पण एकेकाळी या दोन ठिकाणचे प्यूमा स्वतःच्या पायांनी एकमेकांपर्यंत पोचत होते. वाट बंदच राहिली तर हे काम पुन्हा करावं लागतं. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये एक नर लांडगा गोठलेल्या पाण्यावरून चालत आला. कळपात नवं रक्त आलं, काही काळ बरं चाललं. मग त्याचीच संतती आपसात जुगू लागली आणि २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले. शेवटी २०१८-१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणावे लागले.

म्हणून माझा क्रम असा: जंगल अजून तुटलेलं नसेल तर सगळा पैसा ते न तुटण्यावर लावा, रस्ता वळवण्याचा खर्चसुद्धा त्यातच धरा. तुटलं असेल आणि तुकड्यांत गाभा शिल्लक असेल, तर भ्रमणमार्ग. तुकडे नुसत्या कडेचेच उरले असतील तर त्यांना जोडण्याआधी लगतची जमीन घेऊन ते रुंद करा. एखादी प्रजाती वीस-तीसवर आली असेल तर थांबू नका, प्राणी आणा. फक्त पुढच्या खेपेचा खर्च त्याच अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवा.