अवजारांच्या खोपीवर पत्रा की रबर शीट?

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बागेतल्या खोपीचा पत्रा गळतो तो बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकातून. उन्हाने वॉशर कडक होऊन तडकतो, खाऱ्या वाऱ्याने कडा गंजतात. ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराची १.२ मिलिमीटर जाडीची शीट लहान छपरावर अखंड अंथरता येते; मध्ये सांधा नाही, भोक नाही. मात्र खाली सपाट, कोरडा प्लायवूड हवा, म्हणजे खर्च वाढला. गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल शीटवर सांडू देऊ नका, रबर फुगतं. पत्रा स्वस्त, कुणीही बसवतो. तरी किनाऱ्यालगत मी रबरच घालेन, थोडा उतार ठेवून, आणि लाकूड सुकं असताना, एप्रिलातच.