आठ महिने वापरलं, त्यातले तीन आठवडे ते काही लिहीतच नव्हतं

शेल हिस्टरीचं, म्हणजे टर्मिनलमधे चालवलेल्या कमांड्सची नोंद ठेवणारं, हे टूल बॅशवर (कमांड्स चालवून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) वापरतोय त्याला आठ महिने झाले. कुठल्या फोल्डरमधून कमांड चालवली, किती वेळ लागला, फेल गेली का, सगळं एसक्यूलाइट डेटाबेसमधे ठेवतं हे माहितीच असेल, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. सुरुवातीला कटकट एकच, वरचा अ‍ॅरो दाबला की अख्खी स्क्रीन भरून सर्च उघडायचा. ते सेटिंगमधून बंद केलं आणि मग इतकं मस्त चाललं की मी कमांड लक्षात ठेवणंच सोडून दिलं. तिथेच गंडलो.

गेल्या आठवड्यात आदल्या दिवशीची एक लांबलचक आरसिंक (फाइल्स कॉपी करायची कमांड) परत हवी होती. कंट्रोल-आर मारला, सर्च उघडला, जुनं सगळं आहे, कालची आरसिंक नाही. आधी वाटलं पेस्ट करताना पुढे स्पेस आली असेल (उबुंटूच्या बॅशआरसीत, म्हणजे बॅशच्या सेटिंग फाइलमधे, इग्नोरबोथ असतं, त्यात स्पेसने सुरू होणारी कमांड हिस्टरीत जात नाही), पण बघतो तर परवाचंही बरंचसं गायब. डिस्क बघितली, जागा आहे. टूल काढून परत टाकलं, ढिम्म. आणि गंमत म्हणजे टीमक्सच्या (एका टर्मिनलचे अनेक भाग करणारं टूल) एका जुन्या पेनमधल्या कमांड्स रोज येत होत्या, म्हणून तर तीन आठवडे शंकाच आली नाही. पण त्यावरूनच ट्यूब पेटली, डेटाबेस बिघडला असता तर तिथलंही आलं नसतं ना! म्हणजे घोळ नव्या शेलमधे.

बॅशला झेडशेल या दुसऱ्या शेलसारखा कमांडआधीचा हुक (कमांड सुरू होण्याआधी आपलं काही चालवायची सोय) नाही, म्हणून हे टूल एका मदतनीस स्क्रिप्टवर चालतं आणि ती स्क्रिप्ट स्वतःला प्रॉम्प्ट_कमांडमधे (दर प्रॉम्प्टआधी काय चालवायचं ते सांगणारं व्हेरिएबल) अडकवते. ते व्हेरिएबल एको करून बघितलं तर आत फक्त 'हिस्टरी -ए'. ही माझीच जुनी ओळ! बॅश हिस्टरी फाइलमधे लिहितं ते शेल बंद होताना, मधेच काही मेलं तर सगळं जातं, म्हणून दर कमांडनंतर लगेच लिहायला कधीकाळी टाकलेली. तीन आठवड्यांपूर्वी बॅशआरसी 'आवरताना' टूलची ओळ वर गेली, ही खाली आली, आणि तिच्यात नुसतं = असल्याने आधीचं सगळं पुसलं. टूलची ओळ शेवटी नेली, नवीन टॅब उघडला, चालू.

दोन स्टार कापणार होतो, आता एकच कापतो, कारण चूक माझी. पण तो एक कापणारच. सर्च झकास उघडतो, नोंद होत नाही, आणि त्याबद्दल एक अक्षर नाही? सर्चच्या कोपऱ्यात 'या शेलमधलं लिहिलं जात नाहीये' एवढी एक ओळ आली असती तर माझी अर्धी रात्र वाचली असती. फुकट आहे मान्य, पण माझी झोप फुकट नाही.

बरं, ज्या ओळीने घात केला तीच साध्या हिस्टरी फाइलमधे सगळं लिहीत होती. उबुंटूची मर्यादा २००० ओळींची, त्यात तीन आठवडे आरामात बसले. ती फाइल टूलमधे इंपोर्ट मारली, कमांड्स आल्या, फोल्डर आणि लागलेला वेळ मात्र नाही, ते त्या फाइलमधे नसतंच. आरसिंक सापडली. कुठून चालवली होती ते अजून आठवत नाहीये.